कुठलं जवाहरनगर?

आमच्या जवाहरनगरवर मी कधीतरी एक लेख लिहून ऑनलाइन टाकला होता. शीर्षक दिलं होतं ‘मनातलं गाव’. तेव्हा फार आवडलं होतं.

२४ जानेवारी २०२५ ला इथल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. कामगार गेले. त्या दिवसांत बाहेरचे कितीतरी लोक हे नाव शोधत असणार. नेहरूंच्या नावाची जवाहरनगरं देशभर आहेत, आणि माझ्या शीर्षकात ना जवाहरनगर होतं, ना भंडारा, ना निर्माणी. मग लेख कुणाला कसा सापडणार?

तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवल्या. त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या अर्भकहत्येच्या खटल्यानंतर पेटलेल्या चर्चेला ते उत्तर होतं. मुख्य नाव एका शब्दाचं. त्याखाली ‘अथवा’ म्हणून पुढचं: स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे. पान उलटायच्या आधीच भांडण कशाचं ते कळतं! बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’लाही (१८५७) असंच ‘अथवा’ आहे. हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण, असं तिथे सांगितलंय. आज गूगलवर निळं शीर्षक आणि खाली दोन ओळींचं वर्णन दिसतं, तीच ही जोडी. अर्थात नेमकं नाव असूनही ताराबाईंचं पुस्तक विस्मरणात गेलंच. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

गूगलवर शीर्षक कापलं जातं ते अक्षरं मोजून नाही, जागेच्या रुंदीवर. त्यामुळे ओळखीचा शब्द आधी हवा, काव्य नंतर. पानाच्या कोडमध्ये कीवर्ड कोंबण्यात अर्थ नाही. क्रमवारीसाठी ते आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच सांगून टाकलंय. वर्णन तुम्ही लिहिलं तरी गूगल पुष्कळदा पानातलंच एखादं वाक्य उचलतं. म्हणून माझ्या लेखाचा पहिला परिच्छेदही बदलला. तिथे पाऊस पडत होता. आता साठच्या दशकात उभी राहिलेली निर्माणी आणि तिची वसाहत आहे.

शीर्षकावर मात्र अडलो. ‘स्फोट’ हा शब्द घातला असता तर लोक नक्की आले असते. घातलाही होता. पण लेखात क्वार्टर आहेत, शिफ्टला निघालेल्या सायकली आहेत. स्फोटाबद्दल एक ओळ नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी ते उघडलं असतं तर? खोडला.

आता असं आहे: ‘जवाहरनगर, भंडारा: आयुध निर्माणीच्या वसाहतीतलं बालपण’. वर्णनात लिहिलं, ‘निर्माणीत काम करणाऱ्या बापाच्या मुलानं सांगितलेली वसाहतीची गोष्ट: क्वार्टर, सायकली आणि शिफ्टच्या वेळा.’

बाबांना फोनवर शोधून दाखवलं. चष्मा वर करत त्यांनी एवढंच विचारलं, “भंडारा दिसते ना त्यात?”