अस्सल जावाची पारख

जुनी जावा मोटरसायकल अस्सल आहे की नाही, हे ठरवण्याआधी ती कोणत्या काळातली आहे हे पाहावे लागते. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्यावर आयडियल जावाने १९६१ साली म्हैसूरला उत्पादन सुरू केले. सुरुवातीच्या गाड्यांत चेक बनावटीचे भाग बरेच असत. पुढे त्यांची जागा देशी भागांनी घेतली. सत्तरच्या दशकात जावा हे नाव जाऊन येझदी आले आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. तेव्हा गाडीवर चेक छापाचा भाग दिसला म्हणून लगेच हुरळून जाण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षांतल्या गाडीला तो शोभतो, येझदीवर तो बहुधा कुणीतरी नंतर चढवलेला असतो.

सर्वांत जास्त फसवणूक नेमकी या दोन नावांमध्ये होते. अडीचशे सीसीचे एक सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन आणि दोन बाजूंना दोन सायलेन्सर ही मांडणी दोन्हींत सारखीच. जी दांडी किक, तीच मागे-पुढे वळवली की गिअर, ही करामतही दोन्हींत आहे. येझदीला मरून रंग द्यायचा, क्रोमची टाकी बसवायची, इंजिनाची कव्हरे बदलायची, की बाजारात ‘जावा’ तयार! भाव मात्र जावाचा.

म्हणून पारख कागदापासून सुरू होते. आरसी बुकातले साल, मॉडेल, इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या ठशांशी ताडून पाहतात. १९८९ पूर्वीच्या जुन्या मालिकेतला नंबर शाबूत असेल, तर कागदांची साखळी तुटलेली नसण्याची शक्यता वाढते. ठसा निरखताना आकड्यांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या धातूकडे आधी पाहावे. कानस फिरली असेल तर तेवढीच जागा गुळगुळीत आणि किंचित खोलगट लागते. आकडे एका ओळीत नसतात, एखादा जास्त खोल गेलेला असतो. ठशावर रंगाचा जाड थर असेल तर तो काढून दाखवायला सांगावे. विकणारा काचकूच करू लागला, तर सौदा तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

इंजिन, चासी, टाकी आणि मडगार्ड मूळचे असतील तर केबल, टायर, बॅटरी बदललेली असली तरी बिघडत नाही. त्या झिजणाऱ्याच वस्तू. रंगाचा हिशेब मात्र उलटा आहे. कारखान्यातला उडालेला, फिकट रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा, कारण नवा रंग कुठल्याही गॅरेजात मिळतो आणि त्याखाली पुट्टी, वेल्डिंग सहज झाकता येते. हौशी ग्राहकाला हे पटायला वेळ लागतो.

अस्सलपणाला २०२१ पासून सरकारी मोलही आले आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि चासी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि घेणाऱ्याने भाव ठरवताना हेही धरायला हवे.