टपाल कमी झालं, की टपाल गेलं?

परवा गावच्या शाखा डाकघरात एक कागद पाठवायला गेलो होतो. सवयीने म्हणालो, "रजिस्टर करायचंय." डाकसेवक ताई हसल्या. "दादा, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही. स्पीड पोस्टच करायचं." खरंच की! २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, हे वाचलं होतं आणि विसरलोही होतो.

पावती होईपर्यंत सहज विचारलं, "आता टपाल कमी झालं असेल ना? काम हलकं झालं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "पत्रं कमी झाली. फेरी कुठे कमी झाली? वरच्या वाडीचं एकच पत्र असलं तरी वरच्या वाडीत जावंच लागतं."

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यात होतं. टपाल खात्याचं भांडण वर्षानुवर्षं याच एका गोष्टीवर चाललंय. खातं पत्रं मोजतं, बटवडा करणारा माणूस फेरी मोजतो. म्हणून आज थोडा इतिहास लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याला वाटतं टपालात स्पर्धा कुरिअरवाल्यांनी आणली. तसं नाही. पेशवाईत सरकारी जासूद होते, तसे सावकारांचे स्वतःचे कासीदही होते. अजुरा ठरवायचा आणि कागद पाठवायचा. हुंडी, बाजारभाव, लढाईची खबर, सगळं असंच फिरायचं. म्हणजे स्पर्धा आधी होती, मक्तेदारी नंतर आली. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात पत्रं वाहून नेण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. एक कारण महसूल. दुसरं कारण उघड आहे, ज्याच्या हातात टपाल त्याच्या हातात खबर.

पण या मक्तेदारीतून एक चांगली गोष्ट निघाली. १८५४ मध्ये देशभर तिकिटं आली आणि पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला, अंतर कितीही असो. १८७९ ला एक पैशाचं पोस्टकार्ड आलं. मुंबईतल्या मुंबईत पाठवा किंवा पार हिमालयाच्या पायथ्याशी, पैसा तोच. हे परवडायचं कसं? मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत थोड्या अंतरात ढिगाने पत्रं वाटली जायची, तिथे पैसा सुटायचा. तो डोंगरातल्या वाडीवर खर्च व्हायचा. १८९८ च्या कायद्याच्या कलम ४ ने पत्रं वाहण्याचा हा एकाधिकार पुन्हा पक्का केला. मक्तेदारी जाचक होती हे खरं, पण शेवटच्या वाडीचा खर्च तीच भागवत होती.

आपल्या कोकणाला हे वेगळं सांगायला नको. १८८० ला मनीऑर्डर सुरू झाली, १८८२ ला पोस्टाची बचत बँक. गिरणगावातला चाकरमानी महिन्याला पैसे पाठवायचा आणि इथे चूल पेटायची. पोस्टमन यायचा तो पैसे घेऊन, आणि वाचता न येणाऱ्या म्हातारीला पत्र वाचून दाखवून जायचा. वाचून दाखवणं हे काम कुठल्याच रजिस्टरात चढत नव्हतं.

या माणसांना मिळत काय होतं? फारसं नाही. ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले टपाल कर्मचारी देशभर संपावर गेले. महायुद्धानंतरची महागाई आणि तुटपुंजा पगार हे कारण. त्या महिन्यात कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत कामगारांनी त्यांना पाठिंबा दिला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३ हजारांच्या आसपास पोस्ट ऑफिसं होती. आज १ लाख ६४ हजारांच्या पुढे आहेत, त्यातली दहातली नऊ खेड्यांत. एवढा पसारा वाढला कसा? पूर्ण पगाराची माणसं नेमून नाही. गावातला शिक्षक, दुकानदार, थोडीफार शेती असलेला माणूस, त्याला 'खात्याबाहेरचा' म्हणून काही तासांच्या कामावर घ्यायचं, अशी ही पद्धत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे लोक नागरी पदावरच आहेत, त्यांना वाटेल तसं काढून टाकता येणार नाही. पुढे नाव 'ग्रामीण डाक सेवक' झालं. पण मोबदला कामाच्या मोजमापावरच राहिला. किती टपाल आलं, किती रोख हाताळली, किती तिकिटं विकली, त्यावरून तास काढायचे आणि तासांवरून पैसे.

आता ताईंचं वाक्य परत वाचा. पत्रं घटली की कागदावरचं काम घटतं. चढण तेवढीच राहते. शहरातल्या माणसासाठी 'टपालाचं प्रमाण' ही बातमीतली आकडेवारी असते. शाखा डाकघरात ती घरखर्चाची गोष्ट आहे.

मग ऐंशीच्या दशकात कुरिअर आले. ब्लू डार्ट १९८३ ला मुंबईतच सुरू झाली. कायद्याने पत्र नेता येत नव्हतं, म्हणून पत्राला 'डॉक्युमेंट' म्हणायची पद्धत पडली. सगळ्यांना माहीत होतं, कोणी फारसं हटकलं नाही. खात्याने १ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट काढून उत्तर दिलं. २००६ च्या सुमारास ठरावीक वजनापर्यंतची पत्रं खात्यासाठी राखून ठेवायचा प्रस्ताव आला, कुरिअरवाल्यांनी ओरड केली, तो बारगळला.

यावर टपाल कर्मचाऱ्यांचं म्हणणं तुम्ही कुठल्याही पोस्टात ऐकाल. साय त्यांनी काढली, ताक आमच्याकडे ठेवलं. नरिमन पॉइंटचं पाकीट दिल्लीला न्यायला सगळे तयार, पावसाळ्यात व्हाळ ओलांडायला कोणी नाही. हे म्हणणं मला पटतं. पण अर्धंच. गिऱ्हाईक उगाच गेलं नाही. कुरिअरवाला ऑफिसात येऊन पाकीट न्यायचा, पोचल्याचा पुरावा आणून द्यायचा. धंदेवाल्याला ते हवं होतं. आपला अंगडियाही काळबादेवीत याच विश्वासावर टिकून राहिला.

आणि सगळं टपाल काही कुरिअरने नेलं नाही. नव्वदीच्या शेवटी देशात वर्षाला दीड हजार कोटींच्या घरात टपाल होतं. २०१० नंतर ते सहाशे कोटींच्या आसपास आलं. खुशालीची पत्रं आधी एसटीडी बूथने खाल्ली, मग मोबाइलने. बँकेची स्टेटमेंटं आणि फोनची बिलं ईमेलने. तार तर जुलै २०१३ मध्ये बंदच झाली. म्हणजे काही टपाल मेलं आणि काही दुसऱ्याकडे गेलं. आकडा दोन्ही एकत्र दाखवतो, म्हणून वाद मिटत नाही. त्यात पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना, आणि खात्याच्याच हिशेबाने ते पोचवायला बारा रुपयांच्या आसपास खर्च!

कर्मचाऱ्यांमध्येही एकमत नाही, हे लक्षात घ्या. रेल्वेच्या डब्यात रात्रभर टपाल वेगळं करणाऱ्या आरएमएसवाल्याने आपलं काम डोळ्यांसमोर आटताना पाहिलं. शहरातला पोस्टमन सांगेल, टपाल कुठे कमी झालंय, पार्सलं बघा की. पत्रांसाठी केलेल्या पिशवीत ऑनलाइन खरेदीचे खोके मावत नाहीत. काउंटरवरचा म्हणेल, मी आता अर्धा बँकवालाच आहे. आणि डाक सेवक म्हणेल, आधी मला कर्मचारी तरी म्हणा.

हे शेवटचं म्हणणं २०१८ मध्ये रस्त्यावर आलं. मोबदला वाढवण्याची शिफारस करणारा कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ पासून पडून होता. २२ मेपासून डाक सेवक दोन आठवड्यांहून अधिक काळ संपावर राहिले. मग नवे दर आले, कामाचे किमान चार किंवा पाच तास धरून, महिना १० हजार ते साडेचौदा हजार मूळ मोबदला. खेड्यातलं टपाल या पैशांवर चालतं.

आणि आता मुद्द्याचं. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा पोस्ट ऑफिस कायदा मंजूर केला, १८ जून २०२४ पासून तो लागू झाला. चर्चा झाली ती टपाल अडवून तपासण्याच्या सरकारी अधिकाराची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दुसरी गोष्ट गुपचूप झाली. पत्रं वाहण्याचा एकाधिकार गेला. १८३७ पासून चालत आलेली मक्तेदारी संपली, खात्याकडे फक्त तिकिटं काढण्याचा हक्क उरला. कुरिअरवाले करतच होते ते अधिकृत झालं, एवढंच. कोणाला फरक जाणवलाही नाही.

डेन्मार्कने तर २०२५ च्या शेवटी सरकारी टपालातून पत्रांचा बटवडाच बंद केला. चारशे वर्षांची सेवा! पत्र पाठवायचं तर आता खाजगी कंपनीकडे जायचं. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांत पत्रं नव्वद टक्क्यांनी घटली होती आणि सरकारी कारभार बहुतेक सगळा ऑनलाइन आहे. आपल्याकडे पासपोर्ट, आधार, बँकेचं कार्ड अजून त्याच ताईंच्या पिशवीतून येतं.

म्हणून मला मक्तेदारी परत आणा असं म्हणायचं नाही. ती आता येणारही नाही. माझा प्रश्न साधा आहे. पूर्वी शहरातलं टपाल वरच्या वाडीचा खर्च भागवायचं. ते टपाल गेलं, कायदाही गेला. वरची वाडी तिथेच आहे. तो खर्च सरकार तिजोरीतून उघडपणे करणार आहे, की कमी पैशात राबणारी माणसं तो आपल्या पायांनी भरत राहणार आहेत?

खात्याला तोटा होतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एसटीचा विचार करावा. रात्रीची वस्तीची गाडी कधी फायद्यात होती का? तरी ती हवीच ना?

तुमच्या गावात टपाल कोण आणतं, आठवड्यातून किती वेळा, आणि कुरिअरवाला घरापर्यंत येतो की 'तालुक्याला येऊन घेऊन जा' म्हणून फोन करतो, हे खाली जरूर लिहा. वाडीचं नाव लिहा, माणसांची नावं नकोत. आणि उद्या तुमच्या डाकसेवकाला थांबवून एक विचारा, आज किती पत्रं होती, आणि किती चाललात?