हीटेड ग्रिप गरम होत नाही? आधी मोजा, मग बदला

थंडीत पहाटे तिसगावहून करंजी घाटातून नगरला निघालं की बोटं बधिर होतात, ब्रेक दाबायलाही उशीर होतो. म्हणून मी बाइकला हीटेड ग्रिप बसवल्या. दुसऱ्याच हिवाळ्यात उजवी ग्रिप थंड पडली.

हीटेड ग्रिप म्हणजे रबरी मुठीच्या आत बसवलेली हीटिंग कॉइल. बॅटरीचा करंट तिच्यातून गेला की ती तापते.

दोन्ही थंड असतील तर: आधी फ्यूज बघा, मग स्विच आणि अर्थिंगची वायर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत.

एकच थंड असेल तर: तिचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. १२ व्होल्टला १८ वॅटची ग्रिप असेल तर १२ × १२ ÷ १८, म्हणजे ८ ओहमच्या आसपास आकडा येतो. मीटर काहीच आकडा दाखवत नसेल तर वायर किंवा कॉइल तुटली आहे. थ्रॉटल पिळताना उजवीकडची वायर प्रत्येक वेळी वाकते. माझीही मुठीच्या तोंडाशीच तुटली होती.

बदलताना: उजवी ग्रिप थ्रॉटलच्या नळीवर बसते, त्यामुळे तिचं भोक डावीपेक्षा मोठं असतं. अदलाबदल करू नका. वायरला थोडी ढील ठेवा. गोंद वाळल्यावर, इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून थ्रॉटल पिळा आणि सोडा. ते आपोआप झटकन मागे आलं पाहिजे. अडकत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका. बोटं गारठलेली चालतील, घाटात अडकलेलं थ्रॉटल नाही.