सुलतान बाजार आणि जमिनीखालची वाट

काचीगुड्याचे घुमटदार स्थानक 1916 साली, निजामाच्या राजवटीत उभे राहिले. मनमाड, जालना, परभणी या मीटरगेज मार्गाने मराठवाड्यातून येणारा विद्यार्थी किंवा वकील या फलाटावर उतरे आणि ट्रंक सांभाळीत पश्चिमेकडच्या पेठांची वाट धरी. त्यांतलीच एक पेठ सुलतान बाजार. ही ब्रिटिश रेसिडेन्सीची वस्ती. 1933 साली ती निजामाकडे परत आली आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. अरुंद रस्ता, दुतर्फा दुकाने, जवळच जामबागेत मराठी मुलांची विवेकवर्धिनी.

आगगाडी शहराच्या कडेने आली होती. मेट्रोला मात्र भर पेठेतूनच जावयाचे होते, आणि तेही खांबांवरून. आखणी कळताच व्यापारी खवळले. मार्ग वळवा, नाहीतर जमिनीखाली न्या, असे त्यांचे म्हणणे. 2014 साली तेलंगण राज्य झाल्यावर नव्या सरकारनेही मार्ग बदलण्याचा विचार मांडला. परंतु हैदराबादची भूमी ग्रॅनाइटची, आणि भुयारी मार्ग उन्नत मार्गाहून कितीतरी महाग. वाद काही वर्षे रेंगाळला आणि अखेरीस मूळ आखणीच कायम झाली. वाटेत येणाऱ्या इमारतींचे भाग पाडले गेले, नुकसानभरपाई ठरली आणि 7 फेब्रुवारी 2020 रोजी सुलतान बाजारावरून गाडी धावू लागली. रस्त्यावरचे आकाश तेवढे आक्रसले.

मार्ग भुयारी झाला असता तर पेठ जशीच्या तशी राहिली असती काय? याचे उत्तर मुंबईच्या गिरगावात मिळते. मुंबईत आगगाडी आणण्यासाठी खटपट करणाऱ्या जगन्नाथ शंकरशेटांचे नाव ज्या रस्त्याला आहे, त्याच्याच पोटातून कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा 33.5 किलोमीटरचा मार्ग जातो. 2015 साली चाळकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. बोगदा पाडणारे यंत्र घरांखालून निमूट निघून जाऊ शकते. स्थानकाचे तसे नाही. आठ डब्यांच्या गाडीएवढा फलाट, सरकते जिने, हवा खेळविणाऱ्या विहिरी, संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटा, या सर्वांना कोठेतरी जमिनीवर तोंड काढावेच लागते. मोठ्या मैदानात ते सहज साधते. गिरगाव व काळबादेवी येथे वरून संपूर्ण खड्डा खणण्याइतका रस्ताच रुंद नव्हता. म्हणून बाजूला खोल विवरे घेऊन फलाट आतून, थोडेथोडे कोरीत नेण्यात आले. खडक फोडावयाचा, लगेच त्यावर काँक्रीट फवारावयाचे, आणि आसपासच्या जुन्या भिंती तसूभर तरी हलल्या काय हे उपकरणांनी पाहात राहावयाचे. काम मोठ्या कौशल्याचे, यात शंका नाही. तरीही त्या विवरांसाठी जागा हवी होती, आणि ती जागा चाळींची होती. शेकडो कुटुंबांना बिऱ्हाड हलवावे लागले. त्याच भागात नवी घरे देण्याचे ठरले, एवढे मात्र विरोधाचे फळ. चाळीतल्या माणसाला घर म्हणजे खोली नव्हे, खोलीबाहेरची गॅलरी. ती कोणत्याही करारात लिहिता येत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला.

इकडे हैदराबादेत, सुलतान बाजारापुढची वाट चारमिनारच्या परिसरातून जावयाची राहिली होती. 8 मार्च 2024 रोजी फलकनुम्याजवळ तिची पायाभरणी झाली. हा मार्गही खांबांवरूनच आखलेला. त्यासाठी रस्ता रुंद करावयाचा, म्हणून 2025 साली जुन्या शहरात पुन्हा इमारती पाडण्यास आरंभ झाला.