डोब्रुजाच्या सैनिकाचा जंतू

पहिल्या महायुद्धात डोब्रुजा भागातल्या जर्मन फौजेत हगवणीची साथ होती. धडधाकट माणसं झोपून होती आणि एक सैनिक मात्र ठणठणीत. साधं पोटही बिघडलं नाही त्याचं. अशा गड्याला आपल्याकडे ‘हा दगडही पचवेल’ म्हणून सोडून देतात. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरने त्याची विष्ठा तपासायला घेतली.

ते उगाच नव्हतं. निस्ले आधीपासून निरोगी लोकांच्या विष्ठेतले जिवाणू विषमज्वराच्या जंतूंसोबत एकत्र वाढवून पाहत होता. काहींच्या पोटातले जिवाणू त्या पाहुण्यांना खुशाल वाढू देत, काहींच्या पोटातले त्यांना पार दडपून टाकत. गंमत म्हणजे दोन्हीकडचा जिवाणू एकाच जातीचा, ई. कोलाय.

ही जात पहिल्यांदा नोंदवली थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने, १८८५ साली म्युनिकमध्ये, आणि तीही तान्ह्या बाळांच्या शीमधून. आतड्यातला नेहमीचा रहिवासी, एवढीच त्याची सुरुवातीची ओळख. पुढे तो मैल्याची खूण ठरला: पाण्यात ई. कोलाय सापडला की त्यात विष्ठा मिसळली आहे असं धरायचं. आपल्याकडच्या पाणी-तपासणीत ‘पिण्यास अयोग्य’ हा शेरा अजूनही बऱ्याचदा याच्याच भरवशावर पडतो. त्यामुळे त्याचं नाव काढलं की नाक मुरडायचं, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे.

निस्लेने नाक मुरडलं नाही. सैनिकाचा वाण त्याने वेगळा केला, वाढवला आणि जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरला. १९१७ साली ‘मुटाफ्लोर’ या नावाने ते औषध आलं. पेनिसिलिनचा शोध तेव्हा अकरा वर्षं लांब होता. एका माणसाच्या आतड्यातला जिवाणू वाढवून दुसऱ्याला गिळायला द्यायचा, ही कल्पना आज अँटिबायोटिकच्या जोडीने प्रोबायोटिक लिहून मिळणाऱ्या आपल्याला साधी वाटते. त्या काळी ती धाडसाचीच होती. आणि ती टिकली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार, असलेल्या ३२७ रुग्णांना वर्षभर हा जिवाणू किंवा मेसालाझिन हे नेहमीचं औषध दिलं होतं. आजार उलटण्याचं प्रमाण जिवाणूवाल्यांत सुमारे ३६ टक्के, औषधवाल्यांत सुमारे ३४ टक्के. म्हणजे शंभरीकडे झुकलेली ती कॅप्सूल आधुनिक गोळीच्या तोडीस तोड होती.

इथवर सगळं छान. मग २००६ उजाडलं.

फ्रेंच आणि जर्मन संशोधकांना ई. कोलायच्या काही वाणांत जनुकांचा एक मोठा गठ्ठा सापडला. त्यातून कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार होतं. पेशीतल्या डीएनएचे दोन धागे ते एकमेकांना जखडून टाकतं. पेशी ती गाठ सोडवायला गेली की चुका राहून जातात. हा गठ्ठा कोणकोणत्या वाणांत आहे हे पाहताना त्यांत निस्लेचा वाणही निघाला.

कोलिबॅक्टिनचा माग पुढे थेट कर्करोगापर्यंत गेला. उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या इवल्या गोळ्यांमध्ये हे जिवाणू पाच महिने पुन्हा पुन्हा टोचले. डीएनएत चुकांचा एक ठरावीक ठसा उमटला, आणि तोच ठसा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत आधीपासून होता. हे २०२० चं काम. २०२५ मध्ये अकरा देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा चाळिशीच्या आतल्यांमध्ये हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट अधिक आढळला. ठसा लहानपणीच पडत असावा, असा संशोधकांचा कयास. कर्करोग त्यानेच झाला हे मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही. मुटाफ्लोरवर बोट ठेवणं तर त्याहून लांबची गोष्ट. हा ठसा ज्यांच्यात सापडला, त्यांनी ती कॅप्सूल घेतली होती असं कुणी म्हटलेलं नाही.

पण मग ते विष बनवणारी जनुकं निस्लेच्या वाणातून सरळ छाटून का टाकू नयेत? २०१२ मध्ये तूलूझच्या संशोधकांनी तेही करून पाहिलं. विष थांबलं खरं, पण उंदरांच्या सुजलेल्या आतड्याला मिळणारा आरामही गेला. ज्या यंत्रणेतून अपाय, तिच्यातूनच उपकार. दुकानात डबीवर ‘चांगले जिवाणू’ असं ठसठशीत छापलेलं दिसतं, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो आणि डबी परत फळीवर जाते.

तूलूझकरांनी नाद सोडला नाही. विषाची शेवटची जुळणी करणारं एक प्रथिन आहे, ते जिवाणूच्या आवरणात रुतून बसतं. सैनिकाला ज्यांचं पाठबळ असावं ती शत्रूला मारणारी द्रव्यं, मायक्रोसिन, तयार व्हायला याच प्रथिनाचा आवरणात रुतलेला भाग लागतो. विषाला लागतो तो दुसरा, कापणारा भाग. २०१९ मध्ये त्यांनी त्या कापणाऱ्या भागातच छोटा बदल केला. हा नवा वाण डीएनएला धक्का लावत नाही आणि साल्मोनेला या रोगजंतूशी मात्र पूर्वीसारखाच भिडतो.