फुटबॉल कंटाळवाणा आहे का? नियमांच्या इतिहासात सापडणारे उत्तर

१/ नव्वद मिनिटांची धावपळ आणि अखेरीस फलकावर ०-०. क्रिकेटवर वाढलेल्या प्रेक्षकाचा फुटबॉलवरील आक्षेप ठरलेला असतो : 'यात घडते तरी काय?' हा प्रश्न पोरकट नाही. फुटबॉलचे नियम करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच तो मनावर घेतला होता. त्यांनी कोणता कंटाळा दूर केला आणि कोणता मुद्दाम राहू दिला, याचा हा इतिहास. #धागा

२/ आधी इतर खेळांकडे पाहू. मार्च १९३९, डर्बन. दक्षिण आफ्रिका विरुद्ध इंग्लंड, दिवसांची मर्यादा नसलेली कसोटी. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चला थांबला. ६९६ धावांचे लक्ष्य असलेल्या इंग्लंडच्या ५ बाद ६५४ धावा झाल्या होत्या. पाऊस आला, मायदेशी नेणारी बोट गाठायची होती, आणि सामना अनिर्णित सोडून द्यावा लागला.

३/ आज धावांप्रमाणे गुण जमवणाऱ्या बास्केटबॉलची कथा याहून विलक्षण आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिस येथे फोर्ट वेन पिस्टन्सने लेकर्सला १९-१८ असे हरवले. लेकर्सच्या उंचपुऱ्या जॉर्ज मायकनला रोखायचे कसे? पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून ठेवला. नियमात त्याला मनाई नव्हती.

४/ उपाय सापडला १९५४ मध्ये. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटचा वेध घेतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार २४. तेव्हापासून २४ सेकंदांत वेध घेणे बंधनकारक झाले. प्रत्येक संघाची सरासरी एकाच हंगामात ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली.

५/ क्रिकेटने षटके मोजून मर्यादित केली : १९६३ मध्ये इंग्लिश कौंटी संघांची ६५ षटकांची जिलेट स्पर्धा, १९७१ मध्ये मेलबर्नला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना, २००३ मध्ये वीस षटके. आपल्या मातीतल्या कबड्डीतही २०१४ च्या प्रो कबड्डीने ३० सेकंदांची चढाई आणि 'तिसरी चढाई' आणली. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणा, नाहीतर बाद व्हा.

६/ या साऱ्यांत एक समान सूत्र दिसते. न खेळताच आपला फायदा होतो हे खेळाडूंच्या ध्यानात आले की खेळ मरगळतो; मग नियम त्यांना खेळायला भाग पाडतो. आता फुटबॉलकडे येऊ.

७/ १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या नियमांनुसार चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू देता येत नसे. १८६६ मध्ये सूट मिळाली : चेंडू दिला जात असताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असतील, तर तो ऑफसाइड नाही. हा नियम जवळपास साठ वर्षे टिकला.

८/ मग बचावपटूंना त्यातील मर्म उमगले. न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन तर यासाठीच गाजला. ऐन क्षणी दोन पावले पुढे सरकायचे, की समोरचा आक्रमक ऑफसाइड! खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात कोंडला आणि शिट्ट्याच अधिक वाजू लागल्या. अखेर १९२५ मध्ये तीनऐवजी दोन खेळाडू पुरेसे ठरवण्यात आले.

९/ परिणाम तत्काळ दिसला. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात १,८४८ सामन्यांत ४,७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात तितक्याच सामन्यांत ६,३७३! नियमातील एका आकड्याच्या बदलाने सामन्यामागे जवळजवळ एक गोल वाढवला.

१०/ पण बचाव स्वस्थ बसला नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलकडून ०-७ असा मार खाल्ल्यावर हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मधल्या फळीतील मध्यरक्षक मागे ओढून दोन बचावपटूंच्या मधोमध उभा केला. नियमाने मोकळी केलेली जागा डावपेचांनी पुन्हा भरली. फुटबॉलच्या इतिहासात हा लपंडाव वारंवार दिसतो.

११/ मात्र या इतिहासातील सर्वांत कंटाळवाणा सामना डावपेचांमुळे घडला नाही. २५ जून १९८२, स्पेनमधील हिहोन शहर, विश्वचषकाची साखळी फेरी. पश्चिम जर्मनीविरुद्ध ऑस्ट्रिया. त्याआधी विश्वचषकात प्रथमच उतरलेल्या अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून जगाला चकित केले होते. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्याच दिवशी आटोपला होता.

१२/ त्यामुळे दोन्ही संघांना गणित ठाऊक होते : जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढच्या फेरीत, अल्जीरिया बाहेर. सुरुवातीलाच हॉर्स्ट ह्रुबेशने गोल केला. नंतर उरली ती चेंडूची निवांत देवाणघेवाण. अल्जीरियाच्या समर्थकांनी नोटा फडकावून संताप व्यक्त केला. निकाल १-० च राहिला. अल्जीरियाने तक्रार केली, पण एकही नियम मोडलेला नव्हता.

१३/ येथे कंटाळा हा केवळ प्रेक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाही. तो एका संघावरील अन्याय ठरला. १९८६ पासून विश्वचषकात प्रत्येक गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जातात. आज आपण त्या अखेरच्या दिवशी दोन पडद्यांवर डोळे लावून बसतो. तो थरार हिहोनच्या त्या निर्जीव दुपारची देणगी आहे.

१४/ १९९० चा इटलीतील विश्वचषक तर नीरसपणासाठीच स्मरणात आहे. ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे सरासरी २.२१. आघाडी मिळाली की चेंडू मागे आपल्याच गोलरक्षकाकडे द्यायचा, त्याने तो हाताने उचलायचा, पुन्हा पायाने सहकाऱ्याकडे, आणि पुन्हा तेच. अंतिम सामन्याचा निकालही ८५ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर लागला.

१५/ १९९२ मध्ये नियम आला : सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येणार नाही. इंग्लंडमध्ये १९८१ पासून रूढ असलेली 'विजयाला तीन गुण' ही पद्धत १९९४ च्या विश्वचषकात आली. बरोबरीत समाधान मानणे महागले. त्या स्पर्धेत ५२ सामन्यांत १४१ गोल झाले. आणि अंतिम सामना? ब्राझील ०, इटली ०. निर्णय पेनल्टींवर!

१६/ आता न बदललेल्या गोष्टीकडे पाहू. गोलाच्या दोन खांबांमधील अंतर १८६३ मध्ये आठ यार्ड होते; आजही तितकेच आहे. गोल वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ही चौकट रुंद करणे. तो मार्ग स्वीकारला गेला नाही. न खेळणाऱ्यांवर अंकुश आला, पण गोलाची दुर्मीळता अबाधित राहिली.

१७/ या दुर्मीळतेचे मोल दुबळ्या संघाला विचारावे. शंभर गुणांच्या सामन्यात दैवयोग एकमेकांना छेदतात आणि सरस संघ बहुधा सरसच ठरतो. जिथे एक-दोन गोलांवर निकाल लागतो, तिथे एका क्षणात पारडे फिरते. २९ जून १९५० रोजी बेलो होरिझोंतेला हैतीत जन्मलेल्या जो गेटजेन्सच्या एकमेव गोलावर अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला नमवले.

१८/ आपल्या इतिहासातही हेच दिसते. २९ जुलै १९११, कलकत्ता, आयएफए शील्डचा अंतिम सामना. बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवले, तेही आधी एक गोल स्वीकारून. वंगभंगाच्या जखमा ओल्या असताना ते दोन गोल किती मोठे वाटले असतील, याची कल्पना करावी.

१९/ महाराष्ट्रात याची खूण पाहायची असेल, तर कुस्तीपंढरी कोल्हापुरात जावे. तेथे तालमींच्या नावाने फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्ष्या उतरते. आपली पेठ एका गोलाने पुढे असताना शेवटची दहा मिनिटे कोणालाही कंटाळवाणी वाटत नाहीत.

२०/ तेव्हा फुटबॉल कंटाळवाणा आहे का? कधीकधी, निश्चितच. पण दोन कंटाळ्यांत भेद करायला हवा. खेळायचे टाळल्याने येणारा कंटाळा हा दोष आहे. १९२५, १९८६ आणि १९९२ चे बदल त्याच्याविरुद्ध होते. प्रयत्न करूनही गोल न होण्याचा कंटाळा ही मात्र या खेळाने थरारासाठी मोजलेली किंमत आहे. ती माफ केली, तर अल्जीरिया आणि मोहन बागान यांच्यासाठीची वाटही अरुंद होईल.

धागा समाप्त. कबड्डी किंवा खो-खोच्या नियमांत असे बदल तुमच्या पाहण्यात असतील, तर खाली अवश्य लिहा.