गाजर गवत: आरोप, पुरावा आणि उपटण्याची वेळ

१/८
पडीक जागेत, रस्त्याकडेला, परसातल्या वाफ्यातही उगवणारे गाजर गवत म्हणजेच 'काँग्रेस गवत' किंवा 'चटकचांदणी'. ते पीएल-४८० करारातील अमेरिकी गव्हाबरोबर भारतात आले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पुरावा काय सांगतो? #थ्रेड

२/८
मुळात हे गवतच नव्हे. ही सूर्यफुलाच्या कुळातील, मेक्सिको व भोवतालच्या प्रदेशातील वनस्पती. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना ती १९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर आढळली. १९५६ मध्ये त्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली.

३/८
भारताचा पहिला पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे आरोपी येण्यापूर्वीच गुन्हा घडलेला!

४/८
शिवाय देहरादूनच्या वनस्पतिसंग्रहात १८८० सालचा नमुना आहे. १९५१ मध्येही अमेरिकी गहू आला होता. त्यातून बियाणे आले असणे शक्य आहे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

५/८
या वादापेक्षा गंभीर होते ते लोकांचे हाल. पुण्यात अनेकांचा चेहरा, मान, हात खाजून सुजत. १९७४ साली डॉ. लोणकर व सहकाऱ्यांनी या त्वचारोगाचा संबंध याच वनस्पतीशी जोडला. तिच्यातील 'पार्थेनिन' हे द्रव्य त्यामागचे प्रमुख कारण.

६/८
१९८० च्या दशकात मेक्सिकोतून आणलेले, तिची पाने फस्त करणारे भुंगेरे बंगळुरूत सोडण्यात आले. त्यांचा उपयोग झाला. तण मात्र संपले नाही. एकच झाड हजारो बिया टाकते.

७/८
ओळख: कोवळेपणी जमिनीलगत पसरलेली, गाजरासारखी चिरलेली पाने, पुढे कण्यांची खोड आणि बारीक पांढरी फुले.
उपटणे: फुलण्यापूर्वी, पावसानंतर माती ओली असताना, मुळासकट. नुसते कापल्यास पुन्हा फुटते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर रुमाल हवाच. नंतर हातपाय व कपडे धुवावेत. पूर्वी अंगावर पुरळ उठले असेल, तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे. गुरांना ते घालू नये.

८/८
दोष कोणाचा, हे ठरवण्यात आपण अनेक दशके घालवली. तेवढ्यात बिया रुजत राहिल्या. इतिहासात आधी तारीख तपासावी, बागेत आधी फूल. दोन्हीकडे उशीर महागात पडतो.